बटण बटणासारखे दिसावे

संगणकावर लिहिलेले काम जतन करायचे असेल, तर आपण एका चौकोनी चित्रावर क्लिक करतो. ते चित्र कशाचे, असे वर्गात विचारले तर फार थोडे हात वर होतात. ते फ्लॉपीचे चित्र आहे. पूर्वी लोक आपले काम या चपट्या फ्लॉपीत साठवून घरी नेत. तिच्यात १.४४ एमबी एवढाच मजकूर मावे. मोबाइलवर काढलेला आजचा एक फोटोही बहुधा तिच्यात बसणार नाही. फ्लॉपी गेली, चित्र मात्र राहिले.

१९९५ साली विंडोज ९५ आली. पडद्याच्या खाली, डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' बटण होते. त्याची वरची कड उजळ आणि खालची कड काळपट रंगवलेली असे. त्यामुळे ते वर उचलल्यासारखे दिसे आणि दाबले की आत गेल्यासारखे वाटे. सारी करामत दोन रेघांची! पण ज्याला इंग्रजी येत नसे, त्यालाही कोठे दाबायचे ते कळे. महाराष्ट्रात २००२ साली एमएस-सीआयटीचे वर्ग सुरू झाले, तेव्हा असंख्य लोक अशाच उठावदार बटणांवर संगणक शिकले. आमच्या हर्सूलमध्ये कोणी त्या जुन्या पडद्याची आठवण काढली की मुले हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही.

२०१२ साली विंडोज ८ ने स्टार्ट बटणच काढून टाकले. लोक गोंधळले, तक्रारी झाल्या आणि २०१३ मध्ये ते परत आणावे लागले. त्याच वर्षी ॲपलने आयफोनवरील चित्रांची चकाकी काढून ती सपाट केली. मग जिकडे तिकडे सपाट पडदे आले. ते स्वच्छ दिसतात, हे कबूल. पण साधा शब्द कोणता आणि बटण कोणते, हे कसे ओळखावे? तुम्हांला सवय आहे, तुम्ही अंदाजाने बोट ठेवता. पहिल्यांदाच अर्ज भरणाऱ्या दादीने काय करावे? ती फोन दुकानातल्या अनोळखी माणसाच्या हाती देते आणि फोनबरोबर बँकेच्या खात्याची माहितीही त्याच्या हाती जाते.

जुने सगळेच चांगले होते, असेही नाही. तेव्हा एका संगणकावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर उघडले, तर भलतीच चिन्हे दिसत. उर्दूसाठी इनपेजसारखा वेगळा प्रोग्राम लागे. आणि गंमत पाहा, जिने बटण काढले, त्याच विंडोज ८ मध्ये नस्तालीक वळणाची उर्दू अक्षरे आली! तेव्हा कंपन्यांनी युनिकोड ठेवावे, नस्तालीक ठेवावे. बटणाखालची ती काळपट रेघ तेवढी परत द्यावी.