पाठ, प्रक्षेप आणि पुनर्मिश्रण

मूळ पाठ कोणता आणि प्रक्षेप कोणता, हा प्रश्न मराठी अभ्यासकाला नवा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी पदरच्या ओव्या घालू नयेत असा इशाराही दिला. याउलट जात्यावरची ओवी गावोगावी, गळ्यागळ्यातून बदलत राहिली आणि ते बदलणे हेच तिचे जगणे ठरले. पहिल्या परंपरेत रचनेवर कर्त्याची मुद्रा आहे. दुसरीत कर्ता समूहात विरघळलेला आहे. जुन्या चित्रपटगीतांच्या ‘रीमिक्स’विषयी होणारी चर्चा ‘विटंबना’ आणि ‘नावीन्य’ या दोन शब्दांपाशीच घुटमळते. ती या भेदाच्या प्रकाशात तपासणे अधिक फलदायी ठरेल.

राहुल देव बर्मन यांचे निधन ४ जानेवारी १९९४ रोजी झाले. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या बॅली सागू यांचा ‘बॉलिवूड फ्लॅशबॅक’ प्रसिद्ध झाला. त्यात ‘यादों की बारात’ (१९७३) मधील ‘चुरा लिया है’ नव्या गळ्यातून आणि नव्या ठेक्यावर आले. त्याच दशकात आशा भोसले यांनी ‘राहुल अँड आय’ या संचात बर्मन यांची गीते नव्या वाद्ययोजनेसह सादर केली. पुढे २००५ मध्ये अमेरिकेतील क्रोनॉस चौकडीने त्यांच्याच आवाजात ‘यू’व्ह स्टोलन माय हार्ट’ हा संच काढला. त्यात झाकीर हुसेन आणि चिनी वाद्य पिपा वाजवणाऱ्या वू मान यांचाही सहभाग होता.

हे तीन प्रयत्न एकाच मापाने मोजता येत नाहीत. सागू यांचे काम परदेशात वाढलेल्या पिढीसाठी केलेल्या भाषांतरासारखे आहे. क्रोनॉसने मूळ वाद्यमेळातील रंगांचा शोध तंतुवाद्यांतून घेतला. ते भाष्य आहे. ‘राहुल अँड आय’मध्ये तर मूळ गायिकाच आपल्या गाण्याकडे परतली आहे. मात्र २००२ मध्ये गाजलेल्या ‘काँटा लगा’च्या नव्या आवृत्तीत ‘समाधी’ (१९७२) मधील गीत चित्रफितीचे निमित्त होऊन उरले. मजरूह सुलतानपुरी यांचे शब्द आणि बर्मन यांची चाल कायम राहूनही गीताचा अर्थ पालटला.

साहित्याच्या अभ्यासकाने नेमके येथे थांबावयास हवे. शब्द तेच, चाल तीच. बदलला तो ठेका, वाद्यमेळ आणि आवाज. तरीही अर्थ पालटत असेल, तर गीताची संहिता केवळ कागदावरील शब्दांत नसते हे मान्य करावे लागते. ‘चुरा लिया है’च्या आरंभीचा काचेच्या पेल्यावरील नाद हा त्या गीताच्या पाठाचाच भाग आहे. तरीही आपल्याकडे ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ बहुधा शब्दसंहिता म्हणूनच अभ्यासले जाते. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुधीर फडके यांच्या चालींसह घरोघरी पोहोचलेली ही रचना अशा अभ्यासात अर्धीच हाती लागते.

मूळही नेहमी निर्भेळ असते असे नाही. ‘शोले’ (१९७५) मधील ‘मेहबूबा’ची चाल डेमिस रूसोस यांच्या गीतावर आधारलेली आहे. तेव्हा आक्षेप बदलावर नसून अनामिकतेवर असावा. रीमिक्स ओवीचे स्वातंत्र्य मागतो, पण व्यापार करतो तो मुद्रांकित रचनेचा. हीच त्यातील विसंगती होय. ओवी बदलणारी बाई ती विकत नव्हती.

कायद्यानेही या विसंगतीची दखल उशिरा घेतली. पूर्वी मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षांनी, सूचना आणि मानधन देऊन, नवी आवृत्ती काढता येत असे. २०१२ च्या दुरुस्तीने ही मुदत पाच वर्षांची केली, अशा आवृत्तीत शब्द व चाल यांत तांत्रिक गरजेपलीकडे फेरफार करण्यास मनाई केली आणि गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा सुरक्षित केला. मात्र मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी असलेल्या कंपनीने स्वतःच आवृत्ती काढली, तर ही अट पुरेशी पडत नाही. शिवाय हक्काचे पैसे मिळणे आणि नाव टिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

प्रत्येक नव्या आवृत्तीवर मूळ गीतकार, संगीतकार, गायक, वाद्यसंयोजक, चित्रपट आणि वर्ष यांचा ठळक निर्देश असावा, ही किमान अपेक्षा आहे. विद्यापीठीय मराठी विभागांनीही मराठी गीतांच्या मुद्रित संहितेबरोबर मूळ ध्वनिमुद्रणे आणि त्यांचे पाठभेद जतन करण्याचे काम हाती घ्यावे. मूळ ऐकण्याची सोय शिल्लक असेल तर कोणतीही नवी आवृत्ती भाष्य म्हणून स्वागतार्ह ठरू शकते. ती सोय नष्ट झाली की उत्तम भाष्यही प्रक्षेप बनते, आणि तो प्रक्षेप आहे हे ओळखणारा वाचक मात्र उरत नाही.