मॉन्सूनचा अंदाज महिनाभर आधी मिळाला, तर खरिपाचे नियोजन कसे बदलते?

खरिपातला सर्वांत महाग निर्णय मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावा लागतो. किती क्षेत्र पेरायचे, कोणते पीक घ्यायचे, बियाणे-खतावर किती पैसा गुंतवायचा, हे सगळे पाऊस येण्याआधीच ठरते. हवामानाचा अंदाज मात्र आतापर्यंत चार-पाच दिवसांचा मिळत होता. तो फवारणी, खुरपणी, काढणी यांसाठी कामाचा असतो. बियाण्यांची खरेदी आणि पिकाची निवड त्याच्या कितीतरी आधी झालेली असते.

ही पोकळी भरण्याच्या दृष्टीने दोन गोष्टी अलीकडे घडल्या. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाच्या हॅरिस स्कूल ऑफ पब्लिक पॉलिसी या सार्वजनिक धोरण संस्थेतील फिओना बर्लिग, अमीर जीना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेलंगणातील २५० गावांत केलेला प्रयोग २०२४ मध्ये शोधनिबंध म्हणून समोर आला. त्यानंतर २०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना मॉन्सून आगमनाचा अंदाज एसएमएसद्वारे पाठवला. दोन्हींचा अर्थ आपल्या शेतकऱ्यांनी आणि विस्तार कार्यकर्त्यांनी नीट समजून घेण्यासारखा आहे.

तेलंगणातील प्रयोग काय सांगतो?

तेलंगणाची हद्द नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोलीला लागून आहे. कापूस, मका, भात आणि कोरडवाहू शेतीचा तो पट्टा आपल्याला परका नाही. संशोधकांनी २०२२ च्या खरिपात गावांचे चिठ्ठी टाकून तीन गट केले. एका गटाला मॉन्सून कधी सुरू होईल याचा अंदाज महिनाभराहून अधिक काळ आधी दिला. दुसऱ्या गटाला हवामान निर्देशांकावर आधारित विमा दिला. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही, म्हणजे तुलना करता आली.

या प्रयोगातील महत्त्वाची बाब अशी, की अंदाज देण्याआधी प्रत्येक शेतकऱ्याला ‘यंदा पाऊस कधी येईल असे तुम्हाला वाटते?’ हे विचारून नोंदवून घेतले होते. त्यामुळे एकच अंदाज काहींसाठी चांगली बातमी ठरला, तर काहींसाठी वाईट. पाऊस लवकर येईल अशी ज्यांची अपेक्षा होती, त्यांना अंदाजाने थोडे थांबायला सांगितले. पाऊस उशिरा येईल असे ज्यांना वाटत होते, त्यांना दिलासा मिळाला.

परिणाम स्पष्ट होते. ज्यांना वाईट बातमी मिळाली, त्यांनी पेरणीखालील क्षेत्र सुमारे एक पंचमांशाने कमी केले आणि काही निविष्ठांवरचा खर्च आवरला. ज्यांना चांगली बातमी मिळाली, त्यांनी निविष्ठांवर अधिक गुंतवणूक केली. पिकांची निवडही बदलली. पहिल्या गटाचे शेतीतील उत्पादन घटले. पण त्यांचा पैसा जोखमीच्या पेरणीत अडकला नाही आणि काही जण शेतीबाहेरच्या छोट्या व्यवसायाकडे वळले.

विमा मिळालेल्या शेतकऱ्यांनीही गुंतवणूक वाढवली, पण पिकांची निवड बदलली नाही. याचे कारण सरळ आहे. विमा नुकसान झाल्यावर आधार देतो. यंदाचा हंगाम कसा आहे, हे तो सांगत नाही. म्हणून अंदाज हा विम्याला पर्याय नाही आणि विमा हा अंदाजाला पर्याय नाही.

२०२५ च्या खरिपात काय घडले?

त्या वर्षी मॉन्सून २४ मे रोजी केरळात पोहोचला आणि दोनच दिवसांत, २६ मे रोजी, मुंबईत दाखल झाला. मे महिन्यातच राज्यात अनेक ठिकाणी दमदार पाऊस झाला. पुढे मात्र मॉन्सूनची वाटचाल थांबली आणि ती जूनच्या मध्यापर्यंत रखडली. लवकर आगमनाच्या बातमीवर विसंबून पेरणी केली असती, तर उगवलेली रोपे या खंडात सापडली असती. ‘पेरणीची घाई नको’ असे आवाहन कृषी विभागाने केले ते यामुळेच.

मंत्रालयाच्या एसएमएस उपक्रमात कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित दोन मॉडेल्स, म्हणजे गुगलचे न्यूरल जीसीएम आणि युरोपीय हवामान केंद्राचे एआयएफएस, तसेच भारतीय हवामान विभागाच्या १२५ वर्षांच्या पर्जन्य नोंदी एकत्र वापरल्या. अंदाज चार आठवडे आधीपर्यंतचा होता. मॉन्सूनच्या वाटचालीत सुमारे २० दिवसांचा खंड पडणार, हे या अंदाजात आधी दिसले होते, असे मंत्रालयाने नंतर जाहीर केले.

मध्य प्रदेश आणि बिहारमध्ये किसान कॉल सेंटरमार्फत दूरध्वनीवरून विचारणा केली, तेव्हा ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी अंदाजानुसार नियोजन बदलल्याचे सांगितले. बदल मुख्यतः जमिनीची मशागत आणि पेरणीची वेळ यांत होते. ही आकडेवारी उत्साहवर्धक आहे, पण ती तेलंगणातील प्रयोगाच्या तोडीची मानू नये. येथे अंदाज न मिळालेल्या गावांशी तुलना नाही आणि शेतकऱ्यांनी फोनवर सांगितलेल्या उत्तरांवरच ती आधारलेली आहे.

आगमनाचा अंदाज म्हणजे हंगामाचा अंदाज नव्हे

या अंदाजाची मर्यादा मराठवाड्याने २०२५ मध्येच अनुभवली. पेरणीच्या काळात प्रश्न होता पावसाच्या खंडाचा. सप्टेंबरमध्ये मात्र अतिवृष्टी आणि पुराने सोयाबीन, कापूस पाण्याखाली गेला, अनेक ठिकाणी जमीनही खरडून गेली. आगमनाची तारीख अचूक सांगणाऱ्या अंदाजात सप्टेंबरच्या पुराची माहिती नसते. त्यामुळे ‘अंदाज बरोबर आला’ आणि ‘हंगाम चांगला गेला’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

दुसरा मुद्दा ‘आगमन’ या शब्दाचा. केरळात मॉन्सून पोहोचला ही बातमी आपल्या शिवारातील पेरणीसाठी पुरेशी नाही. आपल्याला हवी असते ती आपल्या तालुक्यात सलग, पेरणीयोग्य पाऊस सुरू होण्याची वेळ. मेसेज वाचताना तो कोणत्या भागासाठी आहे आणि त्यात पहिला पाऊस अभिप्रेत आहे की सलग पाऊस, हे आधी पाहावे.

तिसरा मुद्दा शक्यतेचा. महिनाभर आधीचा अंदाज हा तारीखवार वेळापत्रकासारखा नसतो. ‘या आठवड्यात पाऊस सुरू होण्याची शक्यता १० पैकी ७’ याचा अर्थ १० पैकी ३ वेळा तसे होणार नाही. सगळे क्षेत्र एकाच अंदाजावर लावू नये ते यासाठीच.

शेतावर वापर कसा करावा?

समजा आपल्या भागात सलग पाऊस नेहमीपेक्षा उशिरा सुरू होण्याचा अंदाज आहे. अशा वेळी पुढील गोष्टी करता येतात.

• पेरणीचा अंतिम निर्णय अंदाजावर नव्हे, तर प्रत्यक्ष ओलाव्यावर घ्यावा. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्यावर आणि वापसा आल्यावरच करावी. अंदाजाचा उपयोग तयारी आणि खरेदीची वेळ ठरवण्यासाठी आहे.

• मूग आणि उडीद ही लवकर पेरायची पिके आहेत. ७ जुलैनंतर त्यांची पेरणी टाळावी. उशिराचा अंदाज असेल, तर या पिकांचे बियाणे घेण्याआधी विचार करावा आणि ते क्षेत्र सोयाबीन अधिक तूर आंतरपिकाकडे वळवावे. जुलैचा दुसरा पंधरवडा उजाडला, तर बाजरी, सूर्यफूल, तूर, एरंडी यांचा पर्याय हाताशी ठेवावा.

• मधल्या दिवसांत घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण चाचणी करावी. उगवण ७० टक्क्यांपेक्षा कमी असल्यास त्या प्रमाणात बियाणे वाढवावे किंवा बदलावे. बीजप्रक्रियेचे साहित्य आणून ठेवावे.

• रुंद वरंबा सरी पद्धतीची तयारी करावी. खंडात ती ओल धरून ठेवते आणि अतिवृष्टीत जादा पाणी बाहेर काढते. २०२५ सारख्या वर्षात या दोन्ही गोष्टींची गरज पडते.

• क्षेत्र मोठे असल्यास आणि वापसा टिकून असल्यास सगळी पेरणी एकाच दिवशी न करता टप्प्याटप्प्याने करावी.

दुबार पेरणीचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला, की थांबण्याची किंमत कळते. सोयाबीनला एकरी २६ ते ३० किलो बियाणे लागते. पेरणी वाया गेली, तर त्यासोबत खत, ट्रॅक्टरचे भाडे, मजुरी आणि पेरणीचा चांगला कालावधीही जातो. दुसऱ्यांदा बियाणे बहुधा उधारीवर किंवा चढ्या दराने घ्यावे लागते.

विम्याकडूनही येथे फार अपेक्षा ठेवता येत नाही. राज्यात २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातील पीकविमा बंद झाला. प्रतिकूल हवामानामुळे पेरणी न होणे, स्थानिक आपत्ती यांसारखी जोखीम संरक्षणे वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगातील उत्पादनाशी जोडली गेली. पेरणीच्या टप्प्यावरील जोखीम शेतकऱ्याच्या खांद्यावर अधिक आली असताना, त्याच टप्प्यावरील माहितीचे मोल वाढते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

तेलंगणातील प्रयोगातून विस्ताराच्या कामासाठी थेट घेण्यासारखी गोष्ट म्हणजे आधी विचारणे. गावबैठकीत मेसेज वाचून दाखवण्यापूर्वी ‘तुम्ही पाऊस कधी धरून चालला आहात?’ असे विचारा. नक्षत्रावरून, आदल्या वर्षाच्या अनुभवावरून, मोबाइलवर फिरणाऱ्या व्हिडिओवरून प्रत्येकाने काही मनात धरलेले असते. लवकर पाऊस धरून बियाणे भरलेल्या शेतकऱ्याला आणि उशिराच्या भीतीने हात आखडलेल्या शेतकऱ्याला एकच सल्ला लागू पडत नाही.

अंदाज बदलला, तर नवा अंदाजही तितक्याच तत्परतेने गावात पोहोचला पाहिजे. पहिला मेसेज गेला आणि सुधारित मेसेज राहिला, तर एका हंगामात विश्वास उडतो आणि तो परत मिळवायला अनेक हंगाम जातात.

धोरणाच्या पातळीवर खरा प्रश्न येथेच आहे. मॉडेल्स सुधारत आहेत आणि एसएमएस पाठवणे स्वस्त आहे. पण अंदाजाचे आपल्या जमिनीसाठी, आपल्या पिकासाठी काय करायचे, हे समजावणारे माणूस जवळ लागते. कृषी विज्ञान केंद्रांत हे काम करणारे देशातील १९९ जिल्हा कृषी हवामान कक्ष मार्च २०२४ मध्ये बंद झाले. कृषी विद्यापीठांतील विभागीय केंद्रे दर मंगळवारी आणि शुक्रवारी सल्ला पत्रिका देतात; पण एका केंद्राकडे अनेक जिल्हे असतात. कोट्यवधी शेतकऱ्यांना मेसेज पाठवण्याची व्यवस्था उभी राहत असताना तालुका-जिल्हा पातळीवरील हा दुवा पुन्हा उभा करणे गरजेचे आहे. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि ग्रामपंचायतींनीही मे महिन्यात दर आठवड्याला अंदाजाचे वाचन आणि चर्चा सुरू केली, तर खर्च फारसा नाही.

आपल्याला असा मेसेज आला असेल, तर तो पुसून टाकू नका. त्यात सांगितलेली तारीख आणि आपल्या शिवारात सलग पाऊस प्रत्यक्ष कधी सुरू झाला ती तारीख, दोन्ही वहीत लिहून ठेवा. तीन-चार हंगामांच्या नोंदी झाल्या, की हा अंदाज आपल्या गावासाठी कितपत भरवशाचा आहे, हे आपल्याला स्वतःला सांगता येईल.