ऐकावे जनाचे, पण...

सुटीत कोठे जावे, हा घरोघरीचा प्रश्न. मुलांना समुद्र हवा असतो, आजीला देवदर्शन, तर घरखर्च सांभाळणाऱ्याला यंदा घरीच राहावे असे वाटते. चर्चा होते, रुसवेफुगवे होतात आणि अखेर कुटुंबच काय ते ठरवते. १९९५ साली अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या कुटुंबाचा हा निर्णय मात्र मतदारांच्या कलाने झाला.

१९९३ आणि १९९४ च्या उन्हाळ्यात हे कुटुंब मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर गेले होते. हे बेट म्हणजे धनिकांचे व नामवंतांचे आवडते विश्रामस्थान. नोव्हेंबर १९९४ मध्ये क्लिंटन यांच्या पक्षाने संसदेच्या दोन्ही सभागृहांतील बहुमत गमावले. पुढची निवडणूक समोर दिसत होती. सल्लागार डिक मॉरिस यांनी मतदारांच्या आवडीनिवडींची पाहणी करविली. डोंगरातील भटकंती आणि तंबूतील मुक्काम कुंपणावरच्या मतदाराला प्रिय आहे, असा कौल आला. त्यानुसार अध्यक्ष, पत्नी हिलरी आणि पंधरा वर्षांची कन्या चेल्सी ऑगस्ट १९९५ मध्ये वायोमिंगच्या पर्वतराजीत, जॅक्सन होल येथे गेले. उतरले ते मात्र रॉकफेलर घराण्यातील सिनेटर जे रॉकफेलर यांच्या घरी! १९९६ सालीही तोच प्रदेश निवडला गेला. त्या नोव्हेंबरात क्लिंटन पुन्हा निवडून आले आणि १९९७ च्या उन्हाळ्यात कुटुंब मार्थाज व्हिनयार्डला परतले.

यात कायद्याचा भंग नव्हता. लोकशाहीत नेत्याने लोकमत जाणलेच पाहिजे. न जाणणारा नेता लवकरच उद्दाम होतो. परंतु जनतेची दुःखे दूर करण्यासाठी तिचे मन जाणणे ही लोकाराधना, तर आपण नाही तसे दिसण्यासाठी ते जाणणे हा लोकानुनय. लोकाराधनेतून धोरण बदलते, लोकानुनयातून केवळ वेष बदलतो. घरातील चार दिवसांची विश्रांतीही ज्याला कौल घेऊन ठरवावी लागते, तो कठीण प्रसंगी जनतेला अप्रिय सत्य कोणत्या बळावर सांगणार?

मतदारांच्या पाहण्या आज आपल्याकडेही निवडणुकीचे नित्याचे साधन झाल्या आहेत. म्हणून नेत्याची पारख करताना निवडणुकीआधीच्या छायाचित्रांबरोबर निवडणुकीनंतरचे वर्तनही पाहावे. आणि हाच निकष स्वतःच्या घरालाही लावावा. ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने आपले किती निर्णय होतात? ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असे आपले वाडवडील सांगत आले. मात्र त्यासाठी मन आधी स्वच्छ आणि निश्चयी असावे लागते.