‘काय करून राहिला?’ पडद्यावरही ऐकू येऊ द्या

कॉलेजच्या फेस्टिव्हलमध्ये ओळीने दहा शॉर्टफिल्म बघा. निम्म्याहून जास्त फिल्मची नावं इंग्रजीत असतात. ‘द लास्ट’ अमुक नाहीतर ‘अनटोल्ड’ तमुक. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटतात आणि मागे उदास पियानो किंवा बासरी वाजते. नेटवरून फुकट उतरवलेली ती ट्यून तुम्ही आधीच्या फिल्ममध्येही ऐकलेली असते. मग पात्रं बोलायला लागतात आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, ‘काय म्हणाला बे?’

कॅमेरा मात्र भारी असतो. लेन्स भाड्याने आणलेली असते, ड्रोनसाठी वर्गणी काढलेली असते. आवाज आणि नाव या दोन गोष्टींना कोणी वाली नसतो. आवाज ‘एडिटमध्ये बघू’ म्हणून ढकलला जातो आणि नाव एंट्री फॉर्म भरताना, डेडलाइनच्या रात्री सुचतं. विचार करून नाव ठेवायला आपल्याकडे वेळ नसतो आणि मग प्रेक्षक नावं ठेवतात. खरं तर या दोन्ही गोष्टींना पैसे जवळपास लागत नाहीत. आणि फिल्मचा अर्थ बऱ्याचदा तिथेच ठरतो.

जुनं उदाहरण घेऊ. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर व्ही. शांताराम यांनी १९३७ मध्ये प्रभातसाठी सिनेमा केला. फसवून म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेली नीरा त्याला नवरा मानायला ठाम नकार देते, अशी ही कथा. मराठीत त्याचं नाव ‘कुंकू’ आणि हिंदीत ‘दुनिया न माने’. गोष्ट एकच, नावं तीन. कादंबरीचं नाव वाचलं की आपण ‘हे पटतं का?’ असं विचारत आत शिरतो. हिंदी नाव आपली नजर जगाकडे वळवतं. मराठी नाव थेट नीराच्या कपाळाकडे बघायला लावतं. नाव बदललं की बघणाऱ्याची जागा बदलते, ती अशी.

याच सिनेमात वेगळं पार्श्वसंगीत नाही. आवाज येतात ते दृश्यातल्या माणसांचे आणि वस्तूंचे. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती, आजच्यासारखी यंत्रं नव्हती, तरी हा निर्णय जाणूनबुजून घेतला गेला. प्रभातच्या त्याच स्टुडिओत आज पुण्याची एफटीआयआय आहे.

तिथेच शिकत असताना उमेश कुलकर्णी यांनी ‘गिरणी’ ही शॉर्टफिल्म केली. कमाईसाठी आई घरात पिठाची गिरणी आणते आणि मुलाचं सुरुवातीचं कौतुक हळूहळू ओझं होत जातं. आता फक्त नाव मनात म्हणून बघा. ‘गिरणी’ म्हटलं की मराठी माणसाला चित्राआधी घरघर ऐकू येते. इथे नावातच आवाज आहे. कथा कशाबद्दल आहे, हे वेगळं सांगायची गरजच उरत नाही.

नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ केली तेव्हा तेही आपल्यासारखेच विद्यार्थी होते, अहमदनगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात. शाळेत जाऊ पाहणाऱ्या पोराचं नाव हेच फिल्मचं नाव. २०१० सालच्या ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत या शॉर्टफिल्मची दखल घेतली गेली. पुढे ‘फँड्री’ आला. हा कैकाडी भाषेतला शब्द, अर्थ डुक्कर. बहुतेकांना थिएटरमध्ये शिरताना तो माहीत नव्हता. बाहेर पडताना तो विसरता येत नव्हता. त्यातला डुक्कर पकडायचा प्रसंग आठवा. शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, जब्याचं अख्खं कुटुंब जागच्या जागी थांबतं आणि डुक्कर निसटून जातं. शाळा, देश, जात, पोट हे सगळं त्या एका प्रसंगात येतं आणि ते आणतो बाहेरून येणारा एक आवाज.

‘सैराट’मध्ये उलट केलं. अजय-अतुलनी परदेशी वाद्यवृंद घेऊन संगीत केलं, पब्लिक थिएटरमध्ये नाचलं. आणि शेवटी आवाजच काढून घेतला. रक्ताने माखलेली छोटी पावलं आपण संपूर्ण शांततेत बघतो. आधी एवढं वाजलं नसतं, तर ती शांतता इतकी टोचली नसती.

आता आपल्या नागपूरकडे या. कट्ट्यावर आपण ‘काय करून राहिला?’ असंच विचारतो. ‘काऊन’, ‘कायले’, ‘बे’ याशिवाय आपलं वाक्य पूर्ण होत नाही. पण कॅमेरा सुरू झाला की तोच मित्र ‘तू काय करतो आहेस?’ म्हणायला लागतो. हे कुणी शिकवलं आपल्याला? आपली बोली पडद्यावर येते ती बहुतेक वेळा हसवायला. रडणारं, प्रेमात पडलेलं, बापाशी भांडणारं पात्र मात्र प्रमाण मराठीतच बोलतं, जणू काही गंभीर भावना आपल्या बोलीत मावतच नाहीत. करमाळ्याकडच्या बोलीत बोलणारी आर्ची नागपूरला सबटायटलशिवाय समजली. मग नागपूरची पोरगी उरलेल्या महाराष्ट्राला का समजू नये?

‘झुंड’ने ही वाट थोडी मोकळी केली. २०२२ मध्ये आलेला हा सिनेमा नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावर बेतलेला, इथेच चित्रित झालेला आणि इथल्या वस्त्यांतली पोरं घेऊन केलेला. त्यांचं बोलणं घासूनपुसून घेतलेलं नाही. नावही मुद्दाम टोचणारं आहे. या पोरांना समाज जे म्हणतो तेच पाटीवर लिहायचं आणि मग अख्ख्या सिनेमाने ते खोडून काढायचं.

म्हणून पुढच्या फिल्मआधी काही गोष्टी करून बघू. स्क्रिप्टसोबत आवाजाचीही यादी लिहायची. मे महिन्यातलं नागपूर दाखवायचं असेल तर कूलरची घरघर हा आवाज आपल्याकडे फुकट आहे. आणि लाइट गेल्यावर ती अचानक थांबते, तेव्हा कुठल्याही पियानोपेक्षा जास्त बोलते. संवाद घेताना मात्र कूलर बंद ठेवायचा आणि त्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करायचा. प्रत्येक जागेची एक मिनिट नुसती शांतताही टिपून ठेवायची, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि एडिटमध्ये सांधे झाकायला तीच कामी येते. मोबाइल पात्राच्या जवळ ठेवून घेतलेला आवाज लांबच्या महागड्या कॅमेऱ्यातल्या आवाजापेक्षा साफ येतो. नाव शूटिंगआधी ठरवायचं आणि आपल्या आजीला सांगून बघायचं. तिच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहिलं नाही, तर ते बदलायचं.

आणि शेवटच्या टायटल्समध्ये बूम धरून दोन तास उन्हात उभ्या राहिलेल्या मुलीचं नाव ‘विशेष आभार’च्या गर्दीत नको, ‘ध्वनी’ या शब्दापुढे हवं. ज्या कामाला नाव मिळतं, ते काम पुढच्या वर्षी कुणीतरी आवडीने मागून घेतं.

कॅमेऱ्यातून नागपूर दाखवायला आपण शिकलोय. फुटाळ्याची संध्याकाळ प्रत्येक दुसऱ्या फिल्ममध्ये असते. पण तलाव कोणत्याही शहराला असू शकतो. ‘काय करून राहिला?’ ऐकू आलं, की तिथे फक्त आपलंच गाव असतं.