पहिली अर्धमॅरेथॉन : सरावात किती धावावे?



पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. तेवढ्यासाठी मैदानावर उतरलेली आपली मुले-मुली आता अर्धमॅरेथॉनला नावे देऊ लागली आहेत. आनंद आहे! परंतु हे अंतर २१ किलोमीटरांहून थोडे जास्तच आहे.

आमच्या वस्तीतील एक तरुण कारखान्यात दिवसभर उभ्याने काम करतो. स्पर्धेआधी एकदा पुरे एकवीस धावून पाहिलेच पाहिजे, असे त्याच्या मनाने घेतले. आठ किलोमीटरची सवय असताना एका रविवारी तो एकदम अठरा धावला. नडगी धरली. पंधरा दिवस खाडे झाले, पगार कापला गेला आणि स्पर्धाही हुकली.

बंधू-भगिनींनो, सरावात एकवीस धावण्याची गरज नाही. नवख्याला सोळा पुरतात. दम काही आठवड्यांत वाढतो. हाडे व स्नायुबंध मात्र सावकाश बळकट होतात. घाई केली की दुखणे तेथेच निघते. सोण भिक्खूची कथा आपण विहारात ऐकली आहे. चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त आले. तेव्हा तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेच्या तारांची आठवण दिली. फार ताणलेली तार वाजत नाही आणि सैल सोडलेलीही नाही.

पाच किलोमीटर न थांबता धावता येत असेल, तर बारा आठवडे हाती ठेवा. रविवारची लांब धाव अशी वाढवा : ६, ७, ८, मग उतरून ६, नंतर ९, १०, १२, पुन्हा ९, पुढे १४, १६, १० आणि बाराव्या रविवारी स्पर्धा. अधूनमधून अंतर उतरवले आहे ते मुद्दाम. शरीर त्याच आठवड्यात सावरते. मधल्या वारी दोनदा चार ते सहा किलोमीटर पुरे. चारशे मीटरच्या मैदानावर सोळा किलोमीटर म्हणजे चाळीस फेऱ्या होतात. कंटाळा येईल, म्हणून सोबती घ्या. पहाटे धावणाऱ्या मुलींसोबत घरच्या कोणीतरी जावेच.

वेग किती? शेजाऱ्याशी बोलता येईल इतकाच. धाप लागली तर चाला, त्यात कमीपणा नाही.

रात्रपाळी करून आल्यावर लांब धाव नको, आधी झोप. एखादा रविवार बुडाला तर पुढच्या रविवारी दुप्पट धावून भरपाई करू नका. एकाच जागी दुखणे वाढत असेल तर धावणे थांबवा. छातीत दुखले वा भोवळ आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वय चाळिशीपुढे असेल किंवा रक्तदाब, मधुमेह असेल, तर सुरुवातीपूर्वीच तपासून घ्या.

आणि हो, नवे बूट घेणे जमले, तर ते स्पर्धेच्या दिवशी प्रथम घालू नका. सोळाच्या रविवारी जे पायात होते, तेच घाला.