पॅनेल उघडण्याआधी ओळी मोजा

दिवाळीची साफसफाई झाली की माळ्यावरचे जुने व्हिडिओ गेम खाली येतात, घरातल्या नव्या एलईडी टीव्हीला लागतात आणि चार दिवसांत तो टीव्ही आपल्या दुकानात येतो. तक्रारी ठरलेल्या: चित्र वरखाली थरथरतं, रंग गेला, गेममधला माणूस मधूनच गायब होतो, पडदा दोन-तीन सेकंद काळा पडतो. काही दुकानांत यावर थेट टी-कॉन बोर्डाचा भाव सांगितला जातो. बोर्ड बदलूनही थरथर जात नाही, मग मेन बोर्डाची पाळी. हे थांबलं पाहिजे. एचडीएमआयवर चित्र स्वच्छ आलं की पॅनेल आणि टी-कॉन सुटले. त्याच एव्ही पिनांवर डीव्हीडी प्लेअर नीट चालला की इनपुटही सुटलं. उरला गेमचा सिग्नल, आणि तो नियमाप्रमाणे कधीच नव्हता.

घोडं पेंड खातं ते अर्ध्या ओळीपाशी. पालचं पूर्ण चित्र ६२५ ओळींचं, दोन फील्डांत वाटलेलं, म्हणजे फील्डला ३१२.५ ओळी. त्या अर्ध्या ओळीमुळे दुसरं फील्ड पहिल्याच्या फटींत जाऊन बसतं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे खपलेल्या कॅसेटवाल्या नकली डब्यांनी ही अर्धी ओळ पाठवलीच नाही. ते ३१२ पूर्ण ओळी देतात, सेकंदाला पन्नास वेळा, आणि प्रत्येक फील्ड आधीच्याच ओळींवर पडतं. मूळ निन्टेन्डो एनटीएससीत २६२.५ ऐवजी २६२ ओळी देतो, हिशेब तोच. पिक्चर ट्यूबला याचं सोयरसुतक नव्हतं. सिंक आला की बीम वर जायचा, मधल्या फटी काळ्या राहायच्या, इतकंच. नव्या टीव्हीतली चिप मात्र बहुधा सिग्नल इंटरलेस्ड आहे असं धरून चालते आणि एकावर एक पडणारी दोन फील्डं एकमेकांत विणायला घेते. थरथर आणि कडांना दिसणारे कंगव्याचे दात तिथून येतात.

गायब होणाऱ्या माणसाचं मूळही हेच. मार बसला की पात्र लुकलुकतं, कारण बऱ्याच गेममध्ये ते एका फ्रेमला काढतात आणि पुढच्या फ्रेमला गाळतात. एव्हीचं एचडीएमआय करणाऱ्या स्वस्त डबीने दोनातलं एकच फील्ड ठेवलं, तर पात्र एक तर दिसतच नाही, नाही तर लुकलुकायचं थांबतं. प्लेस्टेशनचा काळोख याच कुळातला. क्रोनो क्रॉससारखा गेम मेनू उघडताना प्रोग्रेसिव्हवरून इंटरलेस्डवर जातो, आणि टीव्ही सिग्नल नव्याने ओळखेपर्यंत पडदा काळा. सीडी आणि लेन्स दोन्ही बरी असतात.

रंगाच्या भानगडी जास्त मजेदार आहेत. १९७७ च्या अटारी २६०० मधल्या व्हिडिओ चिपला फ्रेमच्या ओळी मोजताच येत नव्हत्या. व्हर्टिकल सिंक कधी द्यायचा, हे गेम लिहिणाऱ्याने प्रोग्राममध्ये ओळी मोजून ठरवायचं. त्याचा हिशेब चुकला की चित्र लोळायचं. पाल टीव्हीवर तर फ्रेममधल्या ओळींचा आकडा विषम झाला की रंगच उडायचा. निन्टेन्डोची तऱ्हा वेगळी. एनटीएससीच्या एका ओळीत रंगाच्या सबकॅरियरची २२७.५ आवर्तनं बसतात. निन्टेन्डोच्या ओळीत बसतात २२७ आणि एक तृतीयांश. त्यामुळे पुढच्या ओळीला फेज १८० अंशांऐवजी १२० अंशांनी सरकते. टीव्हीतला कॉम्ब फिल्टर १८० वर विसंबून असतो, म्हणून उभ्या रेषांच्या कडेला तीन-तीन ओळींच्या पायऱ्या दिसतात. केबल बदला, शिल्डिंग करा, त्या जाणार नाहीत. गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगावं.

इतकं खोल जाण्याआधी सॉकेट पाहा. हल्लीच्या टीव्हींना पिवळा आणि हिरवा मिळून एकच सॉकेट असतो. टीव्ही कंपोनंटवर राहिला की पिवळ्या पिनेचं चित्र काळंपांढरं येतं. साडेतीन मिलिमीटरचा चार कड्यांचा एव्ही जॅक असेल तर मीटर लावा. कड्यांचा क्रम सगळ्या केबलींत सारखा नसतो, आणि पुष्कळदा पिवळी पिन लाल सॉकेटात घातली की चित्र येतं! प्लेस्टेशन २ कंपोनंट केबलवर हिरवट दिसत असेल किंवा चित्रच धरत नसेल, तर पिवळ्या केबलवर मेनू उघडून आरजीबीची सेटिंग बदला. परदेशातून आणलेला डबा अँटेना पिनेवर चित्र देतो पण आवाज देत नाही, तेव्हा ऑडिओ आयसी काढू नका. अमेरिकी डब्याचा आवाज ४.५ मेगाहर्ट्झवर असतो, आपला टीव्ही तो ५.५ वर शोधत असतो.

खरे बिघाडही असतात, नाही असं नाही. पाल डब्यावर आडवा पट्टा सावकाश सरकत असेल तर अडॅप्टरचा फिल्टर कपॅसिटर सुकलेला असू शकतो. फ्रेम आणि मेन्स दोन्ही पन्नासच्या आसपास, म्हणून पट्टा रेंगाळतो. तो बदला, पैसे घ्या.

बाकी वेळी पैसे तपासणीचे घ्या, आणि ते गिऱ्हाइकाला आधी सांगा. शौकीन असेल तर त्याला रेट्रोटिंकसारखा २४०पी ओळखणारा कन्व्हर्टर सुचवा. ओएसएससी सुचवताना मात्र जपून, कारण त्यावर पिवळी पिन चालत नाही. दुकानात चालू स्थितीतला एक तरी ट्यूबचा टीव्ही ठेवा; भंगारवाला त्याचे देतो किती? गेम त्यावर लावून दाखवला की निम्मा वाद तिथेच मिटतो. आणि कुणी बंदूक घेऊन आलं तर डक हंट एलईडीवर चालणार नाही, हे काउंटरवरच सांगून टाका. ट्रिगर दाबला की पडदा काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि तो त्याच क्षणी ट्यूबवर दिसला पाहिजे असा त्या बंदुकीचा हिशेब आहे. एलईडी चित्रावर प्रक्रिया करून ते उशिरा दाखवतो, तोवर बदक सुटलेलं असतं.