नेमके कोणत्या पानावर?

परवा वर्गात एका विद्यार्थिनीने मला पेचात टाकले. 'स्मृतिचित्रे' शिकवीत होतो. तास संपत आलेला. ती उठली आणि म्हणाली, "सर, लक्ष्मीबाई टिळक ख्रिस्ती झाल्या त्या नेमक्या कोणत्या पानावर?"

परीक्षेपुरते उत्तर सोपे आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. पण पोरीला सनावळी नको होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. तेवढ्यात घंटा झाली आणि मी सुटलो.

घरी येऊन पुस्तक पुन्हा काढले. माझ्या मते ते पान पाण्याचे आहे.

लक्ष्मीबाई जलालपूरच्या, नाशकाजवळच्या. वडिलांना सोवळ्याचे वेड. ते इतके, की वाण्याकडचे मीठसुद्धा धुतल्यावाचून घरात यायचे नाही! (धुतलेल्या मिठाचे पुढे काय उरत असेल, ते वाचकांतल्या गृहिणींनीच ठरवावे.) अशा घरची ही लेक. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा दत्तू अवघा तीन-चार वर्षांचा. मुलाला घेऊन बाई पंढरपुरात नातलगांकडे राहिल्या. नवरा जिवंत, कपाळावर कुंकू, आणि तरी संसार मोडलेला. हे दुःख त्यांनी लिहिले आहे तेही असे, की हसता हसता आपला घास घशात अडकावा.

पुढे त्या टिळकांकडे परतल्या, पण आपले सोवळे आणि आपले पाणी निराळे ठेवून. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हा निष्कर्ष बाईंनी स्वतःशीच विचार करून काढला आणि मग कुणाच्याही हातचे पाणी त्यांना चालू लागले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. धर्मशास्त्राच्या पंडितांना हा क्रम उलटा वाटेल. घर चालवणाऱ्या बाईला वाटणार नाही. आधी हंडा बाटला, मग धर्म बदलला! त्यानंतर त्या घरात दुष्काळातली पोरे जेवली, आणि बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले. ते मात्र हिंदूच राहिले.

माझा हा तर्क पडताळून पाहावा म्हणून मी आमच्या संभाजीनगरच्या छावणीत एका सहकाऱ्याच्या आईकडे गेलो. मावशी मूळच्या नगरकडच्या, तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. दिवेलागणीनंतर त्यांच्याकडे सगळे एकत्र बसून शास्त्र वाचतात, आणि वाचन संपेस्तोवर कुकरची शिट्टी झाली तरी कुणी उठत नाही.

मी गेलो तेव्हा मावशी करंज्या तळीत होत्या. "नाताळाला अजून अवकाश आहे की, मावशी!"

"शेजार सगळा फराळ करतो, मग आमच्या पोरांनी काय वास घेत बसायचं?"

मी माझा पाण्याचा सिद्धांत मांडला. त्यांना त्याचे मुळीच नवल वाटले नाही. "अरे, येशूनं दाखले तरी कुठले दिले? पिठात कालवलेलं खमीर. दिवठणीवरचा दिवा. आणि ती बाई, दहा नाण्यांतलं एक हरवलं म्हणून दिवा लावून सगळं घर झाडणारी. पुरुष असता तर म्हणाला असता, नऊ आहेत ना, पुरे झालं!"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. झाऱ्यातले तूप निथळेपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "आमचं एक नाणं पुण्याला आहे."

थोरला मुलगा. वडिलांशी घराच्या वाटणीवरून शब्दाला शब्द लागला आणि तो सात वर्षे आला नाही; वडिलांच्या मातीलाही नाही. सून फोन घेते, तो घेत नाही. मावशी दर दिवाळीला करंज्यांचा डबा पाठवतात. डबा परत येतो, रिकामा आणि घासलेला.

"रिकामा येतो ना?" त्या म्हणाल्या. "म्हणजे खातोय."

त्या संध्याकाळी मी वाचनाला थांबलो. लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय होता. नाण्याच्या दाखल्यापाशी नातू अडखळला, तर मावशींनी चष्मा न लावता पुढचे शब्द सांगितले.

पुढल्या आठवड्यात विद्यापीठाच्या कामासाठी मला पुण्याला जायचे आहे. निघताना ते सहज बोलून गेलो, तर मावशींनी डबा फडक्यात बांधून माझ्या हाती दिला. "दारात ठेवून येऊ नको. आत जा. चहा घे त्याच्याकडे."

डबा सध्या माझ्या टेबलावर आहे. आमच्या धाकट्याने दोनदा गाठ सोडायचा प्रयत्न केला आहे.